तीनदा विकलेला मुलगा

“सोन्याचा असू दे नाहीतर शेणाचा, मेलेल्या पोराचा ताईत मी गळ्यात घालणार नाही,” मी म्हणालो.

काकूचा हात तसाच वर राहिला. बोटांतून साखळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला स्टाटियसचा ताईत. अक्रोडाएवढा, पोकळ, सोन्याचा, एका अंगाला चेपलेला. तो चेपला तेव्हा मी तिथेच होतो. आम्ही दोघं कुणाच्या तरी द्राक्षमळ्याच्या भिंतीवरून उड्या मारत होतो.

“मेलेल्या पोराचा काय म्हणतोस,” आत्या म्हणाली. “नाव आहे त्याला. चुलतभाऊ होता तुझा.”

“माहितीय मला. तुझ्यापेक्षा जास्त मी होतो त्याच्याबरोबर.”

“न्यूमा, आवाज,” बाबा म्हणाले.

हे त्यांनी माझ्या दुप्पट आवाजात सांगितलं. आमची धुलाई आहे, कापडाची. हौदात दिवसभर माणसं कापड तुडवतात आणि त्या थपथपाटावरून ओरडून ओरडून बाबांचा गळा तसाच झालाय. ते घरात कुजबुजले तरी समोरच्या तेलवाल्याला कळतं आज आमच्याकडे काय शिजलंय.

आई माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. “जाऊबाई, पोर देतोय ना तुम्हाला? मग गळ्यातलं तरी त्याचं त्याला राहू द्या.”

“ते चामड्याचं आहे,” काकू म्हणाली. हिणवून नव्हती म्हणाली. पाणी ओलं असतं म्हणावं, तशी म्हणाली.

“असेना. जन्मला तेव्हा तेच परवडलं. घरदेवांनी कधी तक्रार नाही केली.”

जन्मल्यापासून ताईत घालायचा, मोठं झालं की काढून देव्हाऱ्यात ठेवायचा. माझी काढायची वेळ आलीच होती. प्रश्न एवढाच होता की कुठल्या देव्हाऱ्यात. स्टाटियसचा खरं तर त्याच्याबरोबर चितेवर जायला हवा होता. काकूने तो आधीच काढून ठेवला होता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. आत्याचं तोंड त्यामुळे आधीच आंबट झालेलं.

दत्तकाचं ठरलं ते असं. स्टाटियस द्राक्षं काढायच्या दिवसांत तापाने गेला. काका, हेरियस मेस्किनियस, थोरले. घराण्याचे देव त्यांच्याकडे, पितर त्यांच्याकडे, आणि उद्या त्यांना वाढायला कुणी नाही. आत्याने सुचवलं, धाकट्या भावाचा मुलगा घ्या. बाबांनी हो म्हटलं. आम्ही दोघे भाऊ. गावियस थोरला, शहाणा. हौदात उभा केला की संध्याकाळी काढेपर्यंत उभा. मी धाकटा. मास्तरची छडी मोडून तुकडे त्याच्याच हातात दिले, त्या दिवशी माझी शाळा संपली. धुलाईतही मी टिकत नाही, कापड धुवायला साठवलेल्या मुताच्या रांजणांचा वास आला की डोकं फिरतं. तर दोघांतला कुठला देऊन टाकायचा, हे सांगायला ज्योतिषी नको. निदान मला तरी असंच वाटत होतं.

आमच्याकडे मुलगा दत्तक द्यायचा म्हणजे बापाने तो आधी विकायचा. खरंखुरं नाही, पण तराजू खरा आणि साक्षीदार खरे. आणि तीनदा. पहिल्यांदा विकला, घेणाऱ्याने सोडला, की परत बापाचा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा विकला की बापाचा हक्क संपला. मला विकत घ्यायला उभा राहिला समोरचा तेलवाला कलावियस. माझा दंड धरायचा, हा माझा आहे म्हणायचं, तांब्याचा तुकडा तराजूवर वाजवायचा. दुसऱ्या खेपेपर्यंत त्याला मजा यायला लागली. “गाढव सुद्धा मी एकदाच विकत घेतो,” तो म्हणाला. “आणि तेही दात बघून.” साक्षीदार हसले. मीही हसलो. बाबा नाही हसले.

तिसऱ्यांदा झाल्यावर कलावियसने मला बाबांच्या ताब्यात दिलं, मुलगा म्हणून नाही, नुसतं सांभाळायला, आणि सगळी वरात चौकात, अधिकाऱ्यासमोर. तिथे काकांनी म्हणायचं, हा माझा मुलगा. अधिकारी बाबांकडे बघणार. आणि बाबांनी गप्प बसायचं. बस्स. कायद्याने बापाला त्या दिवशी एकच काम ठेवलंय, गप्प बसणं.

काका म्हणाले. अधिकाऱ्याने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “न्यूमा, वादी सुटलीय वहाणेची. बांध आधी. पडशील.”

सुटली होतीच. नेहमी सुटते. लहानपणापासून बाबा दिवसातून दहा वेळा हेच वाक्य ओरडतात, आणि अकराव्यांदा ते तिथे, भर चौकात निघालं. अधिकारी म्हणाला, बाप बोलला. दावा मोडला. पुन्हा या.

पुन्हा कधी? दुसऱ्या दिवसापासून पितरांचे दिवस लागले. देवळं बंद, न्यायाची खुर्ची रिकामी, लग्न नाही, काही नाही. नोलाचं सगळं गाव वेशीबाहेर थडग्यांवर फुलं आणि दारूत भिजवलेली भाकरी ठेवत हिंडतंय, आणि मी मधल्यामधे. विकून झालेला, पण कुणी घेतलेला नाही. थडग्यापाशी आत्याने माझ्या हातात भाकरी दिली नाही. म्हणाली, तू कुणाचा म्हणून ठेवणार?

मग ते दिवस संपले. दुसऱ्या दिवशी गोताचं जेवण. मेलेल्यांना वाढून झालं की जे उरले त्यांनी एका ठिकाणी बसायचं आणि एकमेकांकडे बघायचं, एवढाच त्या सणाचा अर्थ. बाहेरचं कुणी नको, आणि भांडण दाराबाहेर ठेवायचं. आम्ही ते आत आणून देव्हाऱ्यासमोर मांडलं होतं.

“मला एक सांगा,” आत्या म्हणाली. आत्याला नियम आठवतात, लोकांना शिंका येतात तसे. “आज पंगतीला गोताबाहेरचं चालत नाही. मग हा बसणार कुठे?”

“ताई, अगं पोर आहे,” काका म्हणाले.

“तेच विचारतेय. कुणाचं?”

“माझं,” आई म्हणाली.

“ट्रेबिया, मी कायद्याचं बोलतेय.”

“मीही कायद्याचंच बोलते, वन्सं. कायद्याने मी पण या घरची नाही. दोन पोरं झाली तरी मी अजून माझ्या बापाच्याच हाताखाली, आणि तो बसलाय तिकडे कांदे लावत. म्हणजे मी बाहेरची, न्यूमा बाहेरचा. ते दाराजवळचं बाकडं आमचं. सरक रे.”

आणि ती खरंच जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. आत्या तोंड उघडून उभी राहिली, कारण याला तिच्याकडे नियम नव्हता.

मग काकू हलली. ताईत मुठीत मिटून ती हळूहळू आली आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

“तुम्ही कशाला?” आई म्हणाली.

“माझंही तेच आहे,” काकू म्हणाली. “माझाही बाप जिवंत आहे.”

पानं मांडलेली, निखारे फुललेले, आणि घरातल्या दोन्ही सुना दाराजवळ बाकड्यावर. काका, बाबा, गावियस आतल्या बाजूला तिघंच जेवणाच्या कोचांवर आडवे झालेले. बाबांना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात घातलं. आत्या एकटी मधे उभी.

“बसा मग सगळे रस्त्यावरच जाऊन,” ती म्हणाली. पण स्टूल ओढून ती बसली बाकड्याजवळच. नंतर तिने मला सांगितलं, त्या वेळी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण सुचवलं ते चुकलं की काय. तिच्या डोक्यात देव आणि पितर होते. एका बाकड्यावर दोन आया बसतील, हे नव्हतं.

जेवण चांगलं होतं. डाळ, खारवलेला मासा, डुकराचं मांस, मधातले हेझलनट. पण ते घर. तिथे खाल्लेलं घशाखाली उतरत नाही. पूर्वी मी आणि स्टाटियस तिथल्या मधल्या अंगणातल्या पाण्यात अक्रोडाच्या होड्या सोडायचो, कुत्रं भुंकत मागे. तो गेल्यावर काकूने कुत्रं मळ्यावर पाठवलं. ताट वाजलं की ती दचकायची, म्हणून लाकडाची ताटं. बिजागरी करकरली की तिला वाटायचं तोच आला. म्हणून म्हातारी दासी निके तेलाची बुधली घेऊन दारादारांतून फिरते. त्या घरात दार उघडलं की बंद, हे डोळ्यांनी बघावं लागतं.

आईने मला वाढायला म्हणून स्वयंपाकघरात नेलं. डाळीचं भांडं माझ्या हातात दिलं आणि सोडेचना.

“ऐक. परवा खुर्ची पुन्हा बसतेय. जाताना वादी बांधू नकोस.”

“काय?”

“सैल ठेव. नुसती अडकव. चौकापर्यंत सुटेलच. तुझ्या बापाला मी ओळखते. तिथे देव उतरला तरी तो बोलल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्यांदा मोडलं की तुझा काका घाबरेल, अपशकुन म्हणेल, सोडून देईल. मग बाबांनीच दावा लावायचा आणि तुला परत घ्यायचं.”

“आणि मीच नाही म्हटलं तर? मुलगा नको म्हणाला तर होत नाही दत्तक, कलावियस सांगत होता.”

“तू चारचौघांत काकाला नको म्हणशील? अल्लेयाच्या समोर?” काकूचं नाव ती कधी घेत नाही, तेव्हा घेतलं. “त्यापेक्षा वादी बरी. वादीचं कुणाला वाईट वाटत नाही.”

मी भांडं घेऊन बाहेर आलो. माझ्या पायाकडे बघितलं. वादी तेव्हाही अर्धी सुटलेलीच होती.

जेवण अर्ध्यावर आलं की देवांचा वाटा निखाऱ्यात सोडायचा. तो ताटात काढून घरातल्या मुलाने न्यायचा, मोठ्याने म्हणायचं, देव पावले, मग सगळ्यांनी पुन्हा खायला सुरुवात करायची. दरवर्षी स्टाटियस न्यायचा. तो मुद्दाम पुजाऱ्याचा आवाज काढायचा आणि मी हसून डाळ नाकात घालून घ्यायचो.

काकांनी ताट भरलं. कुणीच उठेना. काका म्हणाले, “न्यूमा. तू ने.”

तिथे माझं डोकं फिरलं.

“मी कशाला? मघाशी बसायला जागा नव्हती मला. भाकरी ठेवायला मी कुणाचा नव्हतो. आता ताट न्यायला मी चालतो?”

“न्यूमा,” बाबा म्हणाले.

“तुम्ही बोलू नका. तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय ना? तुम्हाला जो नको होता तो तुम्ही दिलात. गावियस ठेवला, मी दिला. रांजण फुटका असला की शेजाऱ्याला देतात, तसा. आणि काकू त्या रांजणाला सोन्याचा ताईत बांधायला निघालीय. म्हणजे लांबून स्टाटियस दिसेल.”

काकूने मूठ छातीशी घेतली. ते मला दिसलं आणि तरी मी थांबलो नाही. माझं असंच होतं, दिसतं सगळं, थांबता येत नाही.

“मी तुला मागितलंच नव्हतं,” काका म्हणाले.

शांतपणे म्हणाले. काका कधी ओरडत नाहीत.

“मी गावियस मागितला होता. वाचता येतं, डोकं थंड आहे. तुझ्या बापाने नाही म्हटलं. म्हणाला, न्यूमा घेणार असशील तर बोल.”

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, फक्त त्याहून वाईट होता. काकांनाही मी नको होतो. मी ताट निखाऱ्यांशेजारी आपटलं आणि बाहेर पडलो. दार इतक्या जोरात लावलं की चौकटीवरचा चुना माझ्या डोक्यावर पडला.

रस्ता रिकामा. सगळं गाव आपापल्या घरी जेवत होतं, आपापल्या माणसांकडे बघत. मी पायरीवर बसलो. कुठे जायचं तेच सुचेना. आमच्या घराकडे? ते माझं राहिलेलं नव्हतं. आणि तेवढ्यात आतून बाबा कुजबुजायला लागले. म्हणजे मला सगळं ऐकू आलं.

“हे सांगायची गरज होती का दादा?”

काकांचं ऐकू आलं नाही.

“हो, म्हणालो मी तसं. आणि पुन्हा म्हणेन. गावियस दिला असता तर काय झालं असतं? तो इथे आला असता, दारं हळू लावली असती, सांगाल ते केलं असतं. आणि तुम्ही तिघं मिळून गप्प बसला असतात म्हातारे होईपर्यंत. दादा, तुझ्या घरात पाऊल टाकलं की मला हौदात कान बुडवल्यासारखं होतं. कुत्रं घालवलंत. बिजागऱ्यांना तेल घालता. त्या पोराचं नाव घ्यायचं तरी तुम्ही आधी एकमेकांची तोंडं बघता. न्यूमा भांडेल. वहिनींशी भांडेल, तुझ्याशी भांडेल, ताट आपटेल. भांडायला माणूस जिवंत लागतं. आणि तो स्टाटियसचं नाव घेईल, रोज घेईल, कारण त्याला तोंड आवरता येत नाही. तुमच्या घराला काय हवंय ते मला कळलं, ते माझ्याकडे एकच होतं, ते मी दिलं. फुटका रांजण म्हणे.”

मग काका काहीतरी म्हणाले. या वेळी मला ऐकू आलं, कारण मी दाराला कान लावला होता.

“आणि तुझ्या घराचं काय, पाकू? तो गेल्यावर?”

बाबांनी काहीतरी उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही. बाबा बोलले आणि मला ऐकू आलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आत तेव्हा काय झालं ते गावियसने सांगितलं. तो म्हणाला, बाबांचं बोलून झाल्यावर कुणी कुणाकडे बघेना. निके उठली, बुधली घेतली आणि दाराकडे निघाली, कारण दार आपटल्यापासून वरची बिजागरी सरकून करकरत होती. सवयीने निघाली बिचारी. काकू म्हणाली, “राहू दे.” निकेला कळेना. काकू पुन्हा म्हणाली, “राहू दे ग. वाजू दे.” मग ती आईकडे वळली आणि विचारलं, “घरी पण असंच आपटतो का?”

“दिवसातून चारदा,” आई म्हणाली. “चौकट दोनदा बदलली.”

आणि काकू हसली. गावियस म्हणतो हसली. आत्या म्हणते रडली. दोघांनी तेच बघितलं आणि दोघांचं सांगणं दोन तऱ्हेचं.

मी दार उघडलं तेव्हा ते करकरलं. काकू दचकली नाही. तिने बघितलं, कोण आलंय ते.

“डाळ गार झाली,” ती म्हणाली.

मी गेलो, ताट उचललं. अर्धं सांडलं होतं. जे होतं ते निखाऱ्यात सोडलं. देव पावले म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडातून स्टाटियसचा पुजारी निघाला, तोच आवाज, नाकातला, लांबवलेला. मी ठरवून नाही केलं.  आत्याने कपाळाला हात लावला.

“तो ‘पावले’च्या आधी श्वास घ्यायचा,” काकू म्हणाली. “तू घेतला नाहीस.”

“घ्यायचा. कारण मी त्याच्या पायावर पाय द्यायचो.”

“तू द्यायचास?”

“दरवर्षी.”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि या वेळी माझ्या पलीकडे नाही, माझ्याकडे. मग उठली, मूठ उघडली आणि तो चेपलेला ताईत देव्हाऱ्यात ठेवला, देवांच्या पायाशी. “त्याचा होता,” ती आत्याला म्हणाली, जणू आत्यानेच विचारलं होतं. “इथे राहू दे. शेजारी जागा आहे. चामड्याचा असला तरी मावेल.”

 आई बाकड्यावरून उठली आणि काकूचा हात धरून तिला आत पानावर नेऊन बसवलं, आणि स्वतः बसली नाही. उभी राहून वाढत राहिली. आई जेव्हा भांडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

परतताना गावियस माझ्याबरोबर मागे राहिला.  मग म्हणाला, “मला मागितलं होतं हे मला आज कळलं.”

“बरं झालं वाचलास.”

“मी गेलो असतो.” तो पायांकडे बघत चालला होता. त्याच्या पायांची कातडी हौदातल्या पाण्याने पांढरी पडून सोललेली असते, बारा महिने. “कुणी विचारलं असतं तर.”

 त्याच्या वाट्याचं सगळं मला मिळतंय असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्याला म्हणालो, मळ्यावरून कुत्रं परत आणणार आहे, ते तुझ्याकडे पाठवतो. तो म्हणाला, नको, ते तुझ्या नव्या घरीच हवं, भुंकायला. पहिल्यांदा कुणीतरी ‘तुझ्या नव्या घरी’ म्हणालं, आणि ते गावियस म्हणाला.

हे सगळं परवाचं.

आज खुर्ची बसतेय. सकाळी आईने माझा अंगरखा स्वतः गंधकाच्या धुरावर धरून पांढरा केला, कामाच्या माणसांना हात लावू दिला नाही. अंगात घालताना तिने फक्त माझ्या पायांकडे बघितलं. वादी मी अजून बांधली नव्हती.  ती आता काही म्हणणार नाही, ते मला कळलं. तिचं सांगून झालंय, आणि बाकड्यावरची तिची जागा तिने स्वतःच सोडलीय.

मी ती वादी हातात धरून बराच वेळ बसलो. सैल सोडली की मी इथेच राहतो. हौद, रांजण, बाबांचा आवाज, आई. एवढीशी कातडी. चौकात ती सुटेल, बाबा बघतील, त्यांचं तोंड उघडेल. त्यांना काही करावं लागणार नाही, मलाही नाही. आणि तिकडे निके पुन्हा बुधली घेऊन फिरेल.

बाबा आत आले. अंगाभोवती चांगला टोगा गुंडाळलेला, घड्या आधीच विस्कटलेल्या. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. सराव करत होते. आमच्या बाबांना मी कधी असं बघितलं नव्हतं. घशात काहीतरी अडकलेल्या बैलासारखे उभे होते.

“बाबा,” मी म्हणालो, “बांधून द्या.”

ते तसेच उभे राहिले.

“मी बांधली की सुटते. तुम्हीच म्हणता ना.”

मग ते खाली बसले. टोगा जमिनीवर लोळला, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. माझा पाय गुडघ्यावर घेतला, वादी ओढली, घोट्याभोवती फिरवली, गाठ मारली, त्यावर दुसरी गाठ. मग दुसरा पाय, जो नीटच होता, तोही सोडला आणि पुन्हा बांधला. बोटं भेगाळलेली, चामड्यात अडकत होती. तिसरी गाठ मारल्यावर त्यांनी ती ओढून बघितली. नाही सुटणार. काकांच्या घरी गेल्यावर रात्री मला ती सुरीने कापावी लागेल.

“घट्ट होतेय,” मी म्हणालो.

“होऊ दे,” बाबा म्हणाले. कुजबुजले. मला जेमतेम ऐकू आलं. “आता माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही.”

ते उठून बाहेर गेलेत. कलावियस दारात उभा आहे, विचारतोय, गाढव तयार आहे का. गावियस त्याला गप्प करतोय. काकूने निकेच्या हाती निरोप पाठवलाय की ते लोक चौकात पोचलेत. आई वर आहे, ती खाली येणार नाही. मला आता निघायला हवं.